अथीनाचं घुबड आणि माझी चिंच

२०१४च्या दिवाळीसाठी धाकट्या भावाकडे, मकरंदकडे, सिंगापूरला निघाले तेव्हा बॅगेत भाजणीशेजारी चिंचेचा गोळाही होता. परदेशात काय मिळेल याचा आपल्याला भरवसा नसतो. पोचल्यावर कळलं, चोआ चू कांगला त्याच्या फ्लॅटखालच्या दुकानातच चिंच मिळते.

पहिल्याच संध्याकाळी मकरंदने कपाटातून एक जाड, काळसर चांदीचं नाणं काढलं. अथेन्सचं, जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड आणि ऑलिव्हची पानं. शहर कुणाचं, यावरून तिचं आणि समुद्रदेवाचं भांडण लागलं होतं म्हणे. त्याने खडकातून खारं पाणी काढलं, तिने ऑलिव्हचं झाड दिलं, आणि झाडच जिंकलं. रोमन लोक तर जूनो देवीच्या देवळापाशी नाणी पाडत, हेही त्याने सांगितलं. एरवी घुम्या असणारा माझा भाऊ लहानपणीसारखे हातवारे करत होता. घुबड आपल्या लक्ष्मीचंही वाहन, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

लक्ष्मीपूजनाला तो रॅफल्स प्लेसला ऑफिसात गेला आणि मी पूजेची चांदी घासायला घेतली. निरांजन, लक्ष्मीची दोन नाणी आणि मकरंदचं ते घुबडाचं नाणंही. चिंचेने लख्ख करून मोठ्या कौतुकाने चौरंगावर मांडलं.

मकरंद आला आणि बघतच राहिला. "ताई, तो काळा रंग शेकडो वर्षांचा होता गं," एवढंच म्हणाला. नंतर तो धड जेवला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून नाणं आणि जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याचा पत्ता घेऊन मी एकटीच एमआरटीने (तिथली मेट्रो) तांजोंग पगारला गेले. म्हाताऱ्या चिनी दुकानदाराने भिंगातून बराच वेळ पाहिलं. नाणं अस्सल होतं. रंग परत येईल का, मी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"कॅन लाह, आंटी. बट मेनी, मेनी इयर्स."

औषधाने काळं केलं तर ते खोटं दिसेल, असंही त्याने समजावलं. मग माझा चेहरा पाहून त्याने कोपी (घट्ट गोड दुधाची कॉफी) मागवली.

परतताना विमानतळावर मी पुन्हा माफी मागायला लागले, तेव्हा मकरंदने मला थांबवलं. "दर दिवाळीला ये. किती काळं झालं ते दोघं मिळून बघू."

मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होते आणि गुडघे कुरकुरत होते. तरी येईन म्हणाले. त्यानंतर तीनदा जाऊन आले. घुबडाच्या पंखांवर आता कुठे जराशी सावली धरली आहे. ती दाखवताना मकरंद नाणं माझ्याच तळहातावर ठेवतो.