आबांचं टक्कल आणि माझे चार जबडे

संशयाच्या बाबतीत मी कुणावर अन्याय करत नाही. सगळ्यांवर सारखाच संशय घेतो.

सुरतेच्या नवागाममध्ये आमचं घर वर आणि माझा लाकूड कातायचा लेथ खाली. आयुष्यभर कापडाच्या लूमवर उभा राहिलो. पाय बोलायला लागले तेव्हा लूम सोडला आणि पोळपाट-लाटणी कातायला बसलो. त्यात आमच्या सोनलला पहिली मुलगी झाली. बाळंतपण आमच्याकडेच. मी छातीवर हात मारून जाहीर केलं, "बारशाचा पाळणा माझ्या हातचा!"

सोनल म्हणाली, "चालेल. पण पप्पा, तंबाखू बंद. बारशापर्यंत सुटली तर बाळाला पहिल्यांदा पाळण्यात तुम्ही ठेवायचं. नाहीतर हात लावायचा नाही."

"सुटली!" मी म्हणालो. "आत्ताच सुटली! समज, कधी नव्हतीच!"

(वाचकहो, या वाक्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका.)

आता पाळणा म्हणजे चार जाडजूड खांब आणि त्यावर बसवायची छोटी छोटी बोंडं. लेथवर लाकूड धरायला एक लोखंडी चक असतो आणि त्याला चार जबडे. खांबाला मोठे जबडे, बोंडाला लहान. बदलायचे म्हणजे आठ स्क्रू काढा, आठ लावा. हाताने पाव तास जातो. त्यातला एक स्क्रू भुशात पडणारच आणि तो शोधायला आणखी पाव तास!

म्हणून मी झटपट पद्धत काढली. स्क्रू काढायला बॅटरीवरचं ड्रिल, आणि काढलेले जबडे ठेवायला आमच्या हिचा मसाल्याचा गोल डबा. कडेला चार वाट्या, चार जबडे. मधल्या वाटीत स्क्रू. माझ्या पोटासमोरच्या वाटीतला एक नंबर, मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे दोन, तीन, चार. तीन मिनिटांत काम फत्ते!

नंबर महत्त्वाचा, कारण हे चौघं एकाच कड्यातून कापलेले असतात. एकाच्या जागी दुसरा बसला की लाकूड हीव भरल्यासारखं थरथरतं. नंबर जबड्यांवर कोरलेलेही आहेत. पण दर दसऱ्याला आमची ही त्यांना हळद-कुंकू लावते आणि देवाचं कुंकू पुसायचं कसं, म्हणून मी त्यावरूनच तेल देतो. इतक्या दसऱ्यांचा थर साचून आकडे पार गाडले गेले होते. माझं काही अडत नव्हतं. माझा डबा होता ना!

बुधवारी बारडोलीहून व्याही आले, म्हणजे सोनलचे सासरे, आबा. बारसं रविवारी, आणि हे बुधवारी! आबा साखर कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले, पण हात शिवशिवायचे राहिले नाहीत. आल्या आल्या खाली उतरले. पाठीमागे हात बांधून चक न्याहाळत म्हणाले, "अण्णा, तयार पाळणे पण मस्त मिळतात हं बाजारात."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गुरुवारी सकाळी लहान जबडे बसवले, बोंड लावलं, लेथ सुरू केला. बोंड थरथरायला लागलं! पटाशी लावली तर ते सुटून थेट वॉर्निशच्या डब्यावर. शुक्रवारी तसंच. पाच बोंडं फुकट! मी जिन्यातून ओरडलो, "माझ्या डब्याला कोणी हात लावला?"

"कसाले बोंबली राहिनात?" हिने वरून अहिराणीत विचारलं. "माले दुसरा कामं नहीत का?"

"कोणीतरी डबा फिरवतंय! इंचभर फिरला तरी सगळे नंबर चुकतात!"

"मंग दुसरा चक ली या. एकले मोठा, एकले लहान. बदलानी कटकटच नही."

ही सूचना चांगली होती. म्हणूनच मी ती ऐकली नाही.

माझा हिशेब सरळ होता. पाळणा बिघडला तर व्याही बाजारातून झगमगता पाळणा आणणार, "अण्णांना जमलं नाही हो" असं चारचौघांत सांगणार आणि नातीच्या बारशाला माझं नाक कापणार. माणूस फिटर. जबडे कसे फिरवायचे ते त्याला बरोबर ठाऊक. शिवाय जेवताना तो माझ्याकडे बघून हसायचा! (नंतर कळलं की माझ्या भुवयांवर भुसा होता.)

मी दाराला दोरा बांधला. तो मीच आत जाताना तोडला. उंबऱ्याच्या आत रांगोळी पसरली. तिच्यावर उमटलेली पावलं माझ्याच मापाची निघाली. मी मनात म्हटलं, बघा, किती पोहोचलेला माणूस आहे, माझ्या चपला घालून येतो!

शनिवारी दुपारी शेवटचा उपाय केला. मोबाइल वॉर्निशच्या डब्याला टेकवून उभा केला, व्हिडिओ सुरू केला आणि जेवायला गेलो. जेवण झालं. आबा वरच पंख्याखाली आडवे झाले. मी खाली आलो, सावकाश जबडे बसवले, बोंड लावलं, बटण दाबलं.

थर्र्र्र!

"सापडला!" मी मोबाइल उचलून दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. "सोनल, हे टीव्हीवर लाव! सगळे बसा! आबा, तुम्ही तर अगदी पुढे बसा!"

आबा डोळे चोळत उठले. "क्रिकेट आहे का?"

टीव्हीवर माझा लेथ दिसायला लागला. बराच वेळ काहीच झालं नाही. फक्त मागच्या गल्लीतल्या लूमची खटखट. सोनलने व्हिडिओ पुढे पळवला. आणि एकदम एक माणूस आत शिरला! पाठमोरा. चोरासारखा आधी दाराबाहेर डोकावला. मग मसाल्याचा डबा उचलून खिडकीकडे गेला. त्याच्या टकलावर खिडकीचा उजेड चमकत होता.

मी टाळी वाजवली. "बघा! बघा ते आबांचं टक्कल!"

आबांनी सावकाश आपल्या डोक्यावरून हात फिरवला.

"अण्णा," ते म्हणाले, "माझ्या डोक्यावर केस आहेत."

होते. चांगले दाट होते. सुरतेत माझ्या वयाच्या माणसाला असू नयेत इतके होते. इतकी वर्षं मी या माणसाला ओळखतो आणि स्वतःला त्याहून जास्त. पण स्वतःला मागून कोण बघतो हो?

"सोनल, बंद कर," मी म्हणालो. "चोर काही नीट दिसत नाही."

"ना पप्पा, हवे तो जोवा दो!" सोनल गुजरातीवर आली. आता तर बघूच द्या म्हणे!

टीव्हीवरच्या टकल्याने मधली वाटी उचलली, तिच्याखालून एक पुडी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्याने मळली, दोन टाळ्या दिल्या आणि चिमूट ओठात ठेवली. अगदी समाधानाने. मग डबा परत आणून जागेवर ठेवला. जागेवर, पण जसा हाताला आला तसा! पोटासमोर एक नंबर आहे की तीन, त्या सद्गृहस्थाला काहीच घेणं नव्हतं. रोज हेच. हाताला सवय इतकी की डोक्याला पत्ताच नाही.

"तरी म्हनू," ही म्हणाली, "मन्हा डबाले तंबाखूना वास कसाना!"

सोनलने फक्त बाळाला माझ्या बाजूच्या मांडीवरून पलीकडच्या मांडीवर घेतलं. मला हजार शिव्या चालल्या असत्या. खरंच लाज वाटली. जीव एवढासा झाला.

आणि ज्याला मी चोर ठरवलं होतं, तोच माणूस उठला. "वहिनी, थोडं रॉकेल आणि जुना ब्रश द्या." आबा खाली गेले. जबडे बुडवले, घासले, आणि सगळ्या दसऱ्यांच्या कुंकवाखालून एक, दोन, तीन, चार असे आकडे वर आले. चकवरच्या खाचांवरही तेच आकडे निघाले! आबांनी चौघांवर नखाच्या लाल पॉलिशचे ठिपकेही दिले, एकाला एक, दुसऱ्याला दोन. "आता डबा फुटबॉलसारखा उडवला तरी चुकायचं नाही, अण्णा."

"आबा, मला माफ करा," मी म्हणालो.

"माफी राहू द्या. बोंडं कातायला घ्या, उद्या बारसं आहे."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून पाळणा पुरा केला. एकही बोंड थरथरलं नाही. रविवारी बायकांनी गाणी म्हटली, आणि नातीला पहिल्यांदा पाळण्यात ठेवलं ते आबांनी. माझ्या हातात दोरी दिली होती. ती लांब होती म्हणून दिली असावी.

तंबाखू त्या दिवसापासून खरंच सुटली आहे, पण ते मानतो कोण? जबडे मी आता दोन मिनिटांत बदलतो. नातीला उचलायचं म्हटलं की मात्र आधी सोनल तोंड उघडायला लावते, मग ही हात हुंगते, मग दोघी मिळून खिसे उलटे करतात, आणि हे सगळं होईपर्यंत पोरगी रडून रडून झोपी गेलेली असते. त्यावर कुणाकडे झटपट पद्धत असेल तर कृपया मला सांगा. आबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "अण्णा, व्हिडिओ काढून ठेवत जा."