दगडावर नाव

वालूरच्या पुढे माळावर काळ्या कातळात कोरलेली जुनी हरणं आहेत. आमच्या शाळेची सहल असो की माझे पाहुणे, ती दाखवायला मी शेजारच्या शेतातल्या मामांनाच बोलावतो. मामा चपला काढून कातळावर चढतात, बाटलीतलं पाणी हळूच ओततात आणि ओल्या दगडावर हरणं उमटू लागतात. किती जुनी, असं कुणी विचारलं की म्हणतात, “आमी नव्हतो तवाची.”

गेल्या महिन्यात मोठ्या हुद्द्यावरचे एक साहेब आले. हरणाशेजारी स्वतःचं नाव कोरायला त्यांनी टोकदार दगड उचलला. मी गप्प राहिलो. साहेबांना कोण अडवणार? मामा मात्र अदबीने म्हणाले, “लिवा की साहेब. मागं दोघांनी लिवलं हुतं. दोघांचीबी बदली झाली, लय लांब.”

साहेबांनी दगड अलगद खाली ठेवला.

ते गेल्यावर मी विचारलं, “मामा, खरंच बदली झाली?”

“न्हाई हो. नव्या नवरदेवाला सांगतो, बायको माहेरी जाऊन बसती. पुढाऱ्याला सांगतो, निवडणुकीत पडतो माणूस.”

“आणि मला काय सांगाल?”

“तुमाला कशाला सांगायचं गुरुजी?” मामा चपला घालत म्हणाले. “तुमाला नुसतं बोलायचं भेव वाटतंय, तुमी कोरणार काय?”