चौघांना विचारणारी

तांबरमला आमच्या समोरच्या दारी राहणारी मुलगी ब्लॉकचेनच्या सुरक्षेवर पीएच.डी. करते. घरचे तंजावरचे, त्यामुळे मराठी बोलते ती तमिळ हेल काढून, आणि मला म्हणते अक्का. तिची एक खोड आहे. काहीही विचारायचं झालं, की चौघांना विचारते. टी. नगरची बस कुठून सुटते हे मी नीट सांगितलं, तरी तिने वॉचमनला, फुलवालीला आणि इस्त्रीवाल्याला विचारलंच. तेही माझ्यासमोर! मी साताऱ्याची, मला झोंबलं.

"म्हणजे मी खोटं बोलते होय गं?"

"तसं नाही, अक्का," ती खळखळून हसली. "चौघांत एक लबाड निघाला, तरी बाकी तिघांकडून खरं कळतं. माझा सगळा अभ्यास हाच!"

मग एकदा मी मुद्दाम थाप मारली, की आज पाण्याचा टँकर येणार नाही. तासाभरात ती मुरुक्कूचा, म्हणजे त्यांच्याकडच्या चकल्यांचा, डबा घेऊन दारात नाचत होती. "लबाड सापडला!"

परवा तिच्या प्रबंधाची व्हायवा होती. सकाळी रेशमी साडी नेसून, मोगरा माळून ती माझ्या, म्हणजे पकडलेल्या लबाडाच्या दारात उभी राहिली.

"अक्का, निऱ्या बरोबर आल्यात?"

"झकास आल्यात."

खाली वॉचमन होता, फुलवाली होती, इस्त्रीवालाही होता. तिघांना हात करत ती सरळ स्टेशनकडे चालू लागली.