चढती रेषा

फाल्गुन सरताना मोहाच्या फुलांचा ओलसर गोड गंध आणि नव्या भिंतींच्या चुन्याचा उग्र वास कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या सकाळच्या हवेत एकत्र मिसळत, आणि उन्हाच्या आधीच भट्टीची तांबूस आभा क्षितिजावर पसरलेली असे. कारखाना अजून उभा राहत होता. प्रयोगशाळेत मी दर पाळीच्या लोखंडाची प्रत आलेखकागदावर बिंदूंनी मांडत असे. नियम एकच : एका बिंदूवर निर्णय करू नये, बिंदूंची चाल पाहावी.

आई गेल्यावर भंडाऱ्याकडची शेती माझ्या धाकट्या भावावर सोपवून वडील आमच्याकडे आले, आणि पहिल्याच महिन्यात दोनदा शेजारच्या ओसरीवर बसून त्यांनी सुनेला हाक मारून पाणी मागितले. क्वार्टर सारेच सारखे. भल्याभल्यांची फसगत होई. म्हणून मी घाई केली नाही. रोज सकाळी त्यांना वार, तिथी, नातीचे नाव, आदल्या दिवसाची भाजी आणि क्वार्टरचा क्रमांक विचारू लागलो, आणि अचूक उत्तरांचा बिंदू तसल्याच कागदावर मांडू लागलो. रेषा सलग उतरली तर त्यांना गावी पोचवायचे, असे घरात सांगून ठेवले होते. आईवाचूनचे ते घर त्यांना नको होते.

रेषा उतरली, मग चढू लागली. मला समाधान वाटले; ते दाखवले नाही.

एकदा रात्रपाळीहून लवकर परतलो. मागल्या अंगणात शेगडी धुमसत होती. पत्नी वडिलांना विचारत होती.

"तिथी कोनती, मामाजी?"

"दशमी."

"नवमी! दशमी म्हणसान तं गाडीत बसवून देतीन तुमाले."

"मले लोखंडच समजून राहिला तो."

"लोखंड बरं. त्याले गावाले नाही धाडत कोनी."

दोघेही हसले. मग वडील हलक्या आवाजात घोकू लागले : नवमी, नवमी.

मी आल्या पावली फिरलो आणि समोरच्या दाराने आत शिरलो. प्रश्न विचारले. पाचही उत्तरे बरोबर आली. जाणूनबुजून खोटा असा तो एकच बिंदू मी आयुष्यात मांडला.

वडील आमच्याकडेच राहिले. घोकलेलेही टिकेना, तेव्हा मी प्रश्न कमी करत गेलो. शेवटी चहा गोड झाला का, एवढेच विचारीत असे.

तो कागद अजून आहे. त्या चढत्या रेषेने स्मृती मोजली की भीती, हे मला ठरवता आलेले नाही. आता मीही वडिलांच्या त्या वयाचा झालो आहे; सकाळी माझी सून चहा घेऊन येते. तिची पावले ऐकू येताच माझी दृष्टी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे जाते.