रिकाम्या कड्या

मी नागपूर सोडलं त्या दुपारी स्टेशनवर आईने मला आधी लोणचं दिलं, मग बायबल दिलं, आणि गाडी हलताना खिडकीचा गज धरून म्हणाली, "तिकडं कोण्या बाईले लेकरू जड झालं असंन, तर मले कळवजो. पाळणा पाठवीन." मी बहारीनला चाललो होतो. सागवानी पाळणा समुद्र कसा ओलांडणार, हे विचारेपर्यंत फलाट मागे पडला. शेजारच्या रूथमावशी रुमाल हलवत ओरडत होत्या, "हेरोदा, जेवत जाजो गा."

हेरोद मीच. नाताळच्या नाटकात बाळांच्या कत्तलीचा हुकूम देणारा राजा. नागपुरातल्या सदर भागात आमच्या चर्चच्या अंगणात मी तो अशा झोकात करायचो, की पहिल्या रांगेतली लेकरं भोकाड पसरायची. एका वर्षी चिमुकली रेखा उठून म्हणाली, "याले पाळण्याजवळ येऊ देऊ नका जी." सगळे हसले. आईने मात्र तिला उचलून मांडीवर घेतलं. रेखा आमच्याच पाळण्यात वाढलेली.

तो पाळणा वडिलांनी माझ्या थोरल्या बहिणीसाठी केला होता. ती नाव ठेवायच्या आधीच गेली. रिकामा पाळणा आईला बघवेना. मग एक दिवस चर्चच्या पायरीवर एक पोर बसलेली दिसली. दिवस गेलेले, घरच्यांनी हाकललेलं, पोटातलं नको म्हणत होती. आईने तिला उपदेश केला नाही. घरी आणून वरणभात वाढला, बाळंतपण केलं, आणि जाताना पाळणा तिच्यासोबत दिला. लेकरू चालायला लागलं की परत आणायचा, एवढीच अट.

तिथून आमच्या घराची रीत पडली. पाळणा बाहेर असला की ओसरीच्या तुळईच्या दोन्ही कड्या रिकाम्या ठेवायच्या. ओला टॉवेलसुद्धा टांगायचा नाही. कड्या रिकाम्या, म्हणजे कुठेतरी एक जीव झुलतोय. पाळणा परत आला की आई त्याला तेल लावायची. लावताना आधी माझ्या बहिणीसाठी, मग त्यात निजून गेलेल्या प्रत्येक लेकरासाठी प्रार्थना करायची. माझा जन्म झाला तेव्हाही तो बाहेरच होता. मी आईच्या लुगड्याच्या झोळीत वाढलो. उगाच नाही हेरोद झालो.

आमची चळवळ म्हणजे आई, रूथमावशी आणि हा पाळणा. पुढे गर्भपाताचा कायदा झाला, तेव्हा चर्चमधलेच लोक म्हणाले, "जमाना बदलला बाई, तुमी काहून अजून पाळणा घेऊन बसल्या?" आई म्हणाली, "देवानं ज्याले पोटातच ओळखलं, त्याले मी दारात उभं ठेवू काय? अन् कायदा रातभर त्या पोरीजवळ बसते का?"

बहारीनमध्ये सगळं होतं. फ्लॅट, एसी, ड्यूटीची गाडी, शुक्रवारची चर्चमधली इंग्लिश सर्व्हिस. फक्त ऐकणारं कोणी नव्हतं. डोक्याला टॉवेल बांधून मी फ्रिजसमोर हेरोद करायचो. फ्रिज रडायचा नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे पांगले, त्यांना हे कळेल. जे सदरातच राहिले, त्यांनी खुशाल हसावं.

शेवटच्या सुट्टीत पाळणा घरीच टांगलेला होता. त्याला धरून आई म्हणाली, "माझ्यामागं हा कोण देईन रे? रूथ बी थकली." परतल्यावर ते वाक्य रोज माझ्यासोबत जेवायला बसायचं.

आई गेल्याची तार आली. मी पोहोचलो तोवर दफन झालं होतं. ओसरीवर पाय ठेवला, वर पाहिलं. पाळणा नव्हता. विकला, मोडला, की कोणी सरपणाला नेला? मी तिथेच बसलो आणि पहिल्या रांगेतल्या लेकरासारखा रडलो.

रूथमावशी काठी टेकत आल्या. "आईसाठी रडतं का पाळण्यासाठी?"

"दोघांसाठी."

"आईसाठी रड. पाळण्यासाठी काहून रडून राहिला गा? कड्या रिकाम्या दिसत नाई का तुले?"

ज्या घरात मी वाढलो, त्या घराची रीतच मी विसरलो होतो.

"रेखा घेऊन गेली," मावशी म्हणाल्या. "खापरखेड्याले, तिच्या नवऱ्याच्या कॉलनीत. तिथं एक पोटुशी पोर हाय, लग्न मोडलं बिचारीचं. तुह्या आईनं तिच्यासाठी सोताच्या हातानं तेल लावून देल्ला. बसच्या टपावर बसून गेला तुहा पाळणा. आता रेखाच पाहीन पुढचं. तुले कळवू नका म्हणे रेखा, हेरोद हाय तो."

बहारीनला, मनामाच्या फ्लॅटमध्ये परत आल्यावर मी सुताराकडून छताला दोन कड्या मारून घेतल्या. शेजारचा फिलिपिनो येता-जाता विचारतो, झुंबर कधी लावणार. मी त्याला सांगतो, जे टांगायचं ते सध्या खापरखेड्याला आहे. संध्याकाळी ड्यूटीवरून येतो, दिवा लावतो, आधी वर पाहतो. कड्या रिकाम्या असतात. मग जेवायला बसतो.