गोठता गोठेना

रक्त गोठायची वाट बघत तासन्‌तास बसणाऱ्या माणसांकडे किस्से साचणार नाहीत तर काय! नव्वदच्या दशकात सांगलीतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही तिघं होतो: गाईड सर, उंब्रजचा माने आणि पीएच.डी. करणारी मी. अमिनो ॲसिडं मण्यांसारखी एकेक ओवून छोटी साखळी, म्हणजे पेप्टाइड, तयार करायची. ते घातल्यावर रक्त गोठायचं थांबतं की नाही, हे नळी तिरकी करून बघायचं. एवढंच काम! पण माझी सगळी पेप्टाइडं नापास होत होती.

*

माझे घरमालक हळदीचे व्यापारी. माझं काम ऐकून म्हणाले, "आमी हळद दाबून रगात थांबवतो, आन् ते थांबू नये म्हणून तुमी एवढं शिकताय? घरी ठाव हाय का?"

*

रक्त काढायची मला जाम भीती. पहिल्यांदा मानेच्या दंडाला पट्टा बांधला, सुई उचलली, आणि माने ओरडला, "अगं, डोळे पेशंटनं मिटायचे असतात!"

*

एकदा नळीतलं रक्त अर्धा तास झाला तरी पातळ! सरांनी लगेच साताऱ्याचे कंदी पेढे मागवून वाटले. खाऊन झाल्यावर त्यांना आठवलं, "पेप्टाइड न घातलेली नळी कुठंय?"

तीही पातळच! मानेनं नळ्या उसन्या आणल्या होत्या, त्याही पॅथॉलॉजी लॅबमधून. रक्त गोठू नये म्हणून आत आधीच औषध लावलेल्या!

माने म्हणाला, "पण सर, पेढे खरे होते!"

*

शेवटी एकच पेप्टाइड उरलं. केमिकल्स संपलेली. हे फसलं तर माझा विषयच बंद.

रक्त द्यायला साताऱ्याहून मानेचे मामा आले. रिटायर्ड सुभेदार, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांचं रक्त दोन नळ्यांत घेतलं. साध्या नळीतलं थोड्या वेळात घट्ट गोठलं. पेप्टाइडची नळी मी तिरकी केली. वाहतंय! थांबून पुन्हा केली. वाहतंय!

मामांना दाखवायला नळी जवळ नेली, तेवढ्यात सरांनी आनंदानं टेबलावर थाप मारली. मी अशी दचकले की सगळं रक्त मामांच्या शर्टावर!

लाल ओघळ खिशावरून खाली निघाला. माने नाचत होता, सर हसत होते आणि मी रडत होते.

मामा ताठ उभे. ओघळाकडे बघत म्हणाले, "आवं सायेब, पास झाली न्हवं पोरगी? मग आता थांबवा की ह्येला!"