बोहनीची लिंक

खरीप धानखरेदीच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, सिहोऱ्याजवळच्या एका खरेदी केंद्रावरील ऑपरेटर वैशाली मेश्राम यांना कामावरून थांबवण्यात आले. त्यांनी नोंदवलेल्या शेतकऱ्यांचे टोकनचे मेसेज शेतकऱ्यांना न जाता एकाच मोबाइलवर जात होते. तो नंबर त्यांचे पती राजेश यांचा होता. राजेश एका राइस मिलचा ट्रॅक्टर चालवत.

टोकन म्हणजे धान मोजायला आणण्याची तारीख. मेसेज आला नाही, तर शेतकऱ्याला आपली तारीख कळत नाही. त्या दिवशी त्याच्या नावावर व्यापाऱ्याचे पोते काट्यावर चढवता येते. असे प्रकार भागात ऐकिवात होते. संशयाला जास्त पुरावा लागला नाही.

प्रोग्राम एका खासगी कंपनीने बनवलेला होता. तो तपासायला मला भंडाऱ्याहून बोलावले गेले. केंद्राचे व्यवस्थापक चौधरी यांनी काम थोडक्यात सांगितले.

"तिनंच केलं, एवढं लिहून द्या. आम्हाले ठाण्यात जाचं आहे."

"आधी पाहतो."

"पाहाले काय ठेवलं? नवरा मिलवाल्याचा माणूस. आणखी काय पाह्यजे तुमाले?"

वैशाली बाहेर बाकावर बसल्या होत्या. तुम्ही नंबर कोणता टाकत होतात, असे मी त्यांना विचारले.

"ज्याचा त्याचा टाकत होती जी. कोणाजवळ नसन त त्याच्या पोराचा. माया घरचा काहून टाकीन? मले का नोकरी जड झाली?"

राजेशना मोबाइल घेऊन बोलावले. मेसेज तिथे होते. एकही उघडलेला नव्हता.

"मले वाटलं मोबाइल कंपनीचे हायेत. दिवसभर येऊनच राहते ना भाऊ."

"वा रे वा!" चौधरी म्हणाले. "दिवसभर येऊन राहते, अन् बायकोले सांगत नाही!"

राजेश यांचे उत्तर मलाही पटले नाही. तशी नोंद केली.

मग वैशालींना खुर्चीवर बसवून माझ्यासमोर एका शेतकऱ्याची नोंद करायला लावली. त्यांनी शेतकऱ्याचाच नंबर भरला. मी आकडे जुळवून पाहिले. बटण दाबल्यावर सर्व्हरवर नंबर जमा झाला, तो राजेश यांचा.

"पाहा! तुमच्या डोळ्यासमोर केलं!" चौधरी म्हणाले.

"त्यांनी नंबर बरोबर भरला होता."

"मंग का जादू आहे?"

बाजूच्या कॉम्प्युटरवर पानाचा पत्ता हाताने टाइप करून मी तीच नोंद केली. तिथे नंबर बरोबर जमा झाला. म्हणजे गडबड फक्त वैशालींच्या मशीनवर होती. चौधरींचे मत आणखी पक्के झाले. नवऱ्याने मशीनमध्ये काहीतरी घालून दिले असणार, असे ते म्हणाले. माझाही तोच अंदाज होता. मशीन तपासले. बाहेरचे काही सापडले नाही. मग सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या माहितीची नोंदवही, उघडला.

ब्राउझर सर्व्हरला जे पाठवतो, त्याला रिक्वेस्ट म्हणतात. रिक्वेस्टमधली माहिती दोन वाटांनी येऊ शकते. एक, पानाच्या पत्त्याला जोडून. दुसरी, फॉर्ममध्ये भरून. प्रोग्रामच्या ज्या भागात ती माहिती उतरवून घेतली जाते, तो कंट्रोलर. इथल्या कंट्रोलरमध्ये फक्त 'मोबाइल' मागितला होता. कोणत्या वाटेचा, ते लिहिले नव्हते. अशा वेळी हे फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचा तयार सांगाडा, आधी पत्त्यात शोधत असे. तिथे मिळाले, की फॉर्मकडे बघत नसे.

वैशाली जे पान उघडत, त्याच्या पत्त्याच्या शेवटी राजेश यांचा नंबर जोडलेला होता. पान डेस्कटॉपवरच्या एका लिंकमधून उघडत होते.

"ही लिंक कोणी ठेवली?"

वैशालींनी चौधरींकडे पाहिले. "सायबांनीच ठेवाले लावली."

काट्याची पूजा झाली, नारळ फुटला, की पहिली नोंद केंद्रातल्याच कोणाच्या घरच्या धानाची करायची, असा तिथला रिवाज होता; तीच बोहनी. या वर्षी बोहनी वैशालींच्या सासऱ्यांच्या धानाची झाली. सासऱ्यांजवळ मोबाइल नव्हता, म्हणून मुलाचा नंबर दिला. नोंद झाली का ते पाहायला तो नंबर शोधून उघडलेले पान, पत्त्यात आलेल्या नंबरासकट, तसेच डेस्कटॉपवर ठेवले गेले.

"बोहनीचं पान हाय, हंगामभर हेच उघडजो, म्हणलं होतं का नाही साहेब?"

"म्हणलं असन," चौधरी म्हणाले. "पानाच्या मागं नंबर लटकून राह्यते, हे मले काय सपन पडलं होतं?"

"मले तरी कुठं पडलं होतं जी?"

अहवाल लिहिताना चौधरी बाजूला उभे राहिले.

"बोहनीचं नका टाकू. लोकं हासतीन."

"मग लिंक तिथे आली कशी, ते काय लिहू?"

ते बाहेर निघून गेले. बोहनीचे वाक्य अहवालात राहिले.

कंपनीने कंट्रोलर बदलला. मोबाइल नंबर आता फक्त फॉर्ममधूनच घेतला जाऊ लागला. काट्यावरच्या पावत्या तपासल्या. ज्या शेतकऱ्यांची टोकने अडकली होती, त्यांपैकी एकाच्याही नावावर दुसऱ्याचे धान मोजलेले नव्हते. त्या शेतकऱ्यांना नव्या तारखा मिळाल्या. ठाण्यात तक्रार गेली नाही.

वैशालींना त्याच आठवड्यात परत बोलावले. त्या दिवशी रांगेतल्या पहिल्या शेतकऱ्याने नंबर सांगितला, पडद्यावर वाचून घेतला आणि मोबाइल हातात धरून खिडकीशीच थांबला. मेसेज वाजल्यावर तो बाजूला झाला. त्याच्या मागचाही तसाच थांबला.